ओढ्याच्या पाण्याच्या नोंदी ठेवताय? या चुका टाळा

पुण्यातली रामनदी असो, आंबील ओढा असो की तुमच्या गावामागचा नाला, पाणी तपासायला निघालेल्या मंडळींच्या उत्साहाला तोटा नसतो. पण त्यांचे तक्ते बघायला घेतले की त्याच त्या चुका. ओढ्याच्या नोंदींना किंमत येते ती वर्षानुवर्षांची तुलना करता आली तरच, आणि नेमकी तीच करता येत नाही.

सवड मिळेल तेव्हा नमुना घेणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, दिवसभर बदलत असतो. संथ, हिरव्या पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेही तो वापरत राहतं. त्यामुळे पहाटे डीओ तळाला जातो आणि दुपारी चढतो. २५ अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, पुण्याच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. दुपारी दहा-अकरा मिलिग्रॅमचं रीडिंग आलं तर खूश होऊ नका. मीटर बरोबर असेल, तर पाण्याला खत मिळतंय आणि शेवाळ माजलंय.

एका गटाच्या तक्त्यात डीओ दोन वर्षांत छान वाढलेला दिसत होता. ‘ओढा सुधारतोय’ अशी बातमी द्यायची तयारीही झाली होती. मी वेळेचा रकाना शोधला, तो नव्हताच. मग सगळ्यांच्या फोनमधले नमुना घेतानाचे फोटो काढून त्यांच्या वेळा पाहिल्या. पहिल्या वर्षी फिरायला जाणारे काका-काकू उजाडता उजाडता नमुना घेत; पुढे काम कॉलेजच्या मुलांकडे गेलं आणि ती तास संपल्यावर, दुपारी जात. आम्ही एकाच मीटरने एकाच दिवशी पहाटे आणि दुपारी मोजलं. दोन वर्षांची सगळी ‘सुधारणा’ त्या एका दिवसात दिसली. बातमी थांबली, पण ज्या नोंदींचे फोटो नव्हते त्या डीओच्या तुलनेतून बाद झाल्या. लोकांची मेहनत अशी वाया गेलेली बघवत नाही.

माझा नेम साधा आहे: सकाळी साडेसात ते साडेआठ, बारा महिने. उशीर झाला तर नमुना घ्यायचा, वेळ लिहायची, पण ते रीडिंग तुलनेच्या आलेखात घालायचं नाही. ‘त्यापेक्षा लॉगर (आपोआप सतत नोंद करणारं यंत्र) बसवू’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, सांडपाण्याच्या ओढ्यात प्रोबवर, म्हणजे मोजणीसाठी पाण्यात बुडवलेल्या टोकावर, बुळबुळीत थर चढायला वेळ लागत नाही. आठवड्याला तो पुसायला पाण्यात उतरणार असाल तरच बसवा.

एका उन्हाळ्यात निष्कर्ष काढणे

मे महिन्यात कित्येक ओढ्यांत वाहतं ते बहुतेक सांडपाणीच असतं. जूनचा पहिला पाऊस रस्त्यांवरची घाण आणून टाकतो, ऑगस्टमध्ये सगळं पातळ होतं. मेची तुलना मेशीच करा. ज्यांना तीन महिन्यांत निकाल हवाय, त्यांनी हे काम घेऊ नये.

‘सापडलं नाही’ म्हणजे शून्य

प्रयोगशाळेच्या अहवालात ‘<०.०५’ असतं, म्हणजे असलंच तर ०.०५ पेक्षा कमी, आणि तक्त्यात ० होतं. तसं करू नका. जसं आहे तसं लिहा. पुढे मोजण्याची मर्यादा बदलली की खोटा चढ-उतार दिसायला लागतो.

नायट्रेटचं तर विचारूच नका. पिण्याच्या पाण्यासाठी आपली मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, ती नायट्रेट म्हणून, म्हणजे अख्ख्या नायट्रेटचं वजन धरून. तीच नायट्रोजन म्हणून, म्हणजे त्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरून मोजली तर दहाच्या जवळपास येते. रकान्याच्या डोक्यावर नुसतं ‘नायट्रेट’ लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? बीओडीचंही (घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्याची चाचणी) तेच: आपल्याकडे ३ दिवस २७ अंशांवर, बाहेरच्या कित्येक नोंदींत ५ दिवस २० अंशांवर.

बारीकसारीक, पण नडणाऱ्या

फॉस्फेटच्या नमुन्याची बाटली साबणाच्या पावडरने धुऊ नका. कोलिफॉर्मचा (मैलापाण्याची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंचा) नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात, त्याच दिवशी पोहोचवा. पीएचचा प्रोब डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. नाला मिळतो त्याच्या लगेच खाली नमुना घेऊ नका, तिथे दोन्ही पाणी एकजीव झालेलं नसतं. मीटर बदलताना काही महिने जुना-नवा दोन्ही चालवा.

नोंदी ‘स्वच्छ’ करून देणे

विचित्र वाटणारं रीडिंग पुसून टाकायची सवय फार वाईट. ते रात्री कुणी टँकर रिकामा केल्याचं एकमेव चिन्ह असू शकतं. ओळ ठेवा, शेजारी ‘शंकास्पद’ लिहा आणि का ते लिहा. पीडीएफमधले मासिक सरासरीचे रंगीत आलेख कुणाच्याच कामाचे नाहीत. मूळ रीडिंगची साधी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे) द्या. तारीख २०२५-०७-०३ अशीच लिहा, नाहीतर एक्सेल ३ जुलैचा ७ मार्च करून ठेवतं. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, मीटरचं मॉडेल, शेवटचं कॅलिब्रेशन (मीटरची प्रमाणाशी जुळवणी), आदल्या दोन दिवसांतला पाऊस, हे सगळं त्याच फाइलसोबत जाऊ द्या. आणि ही माहिती कुणी, कशासाठी वापरली तर चालेल, ते एका ओळीत लिहा. ती ओळ नसली की अभ्यासक परवानगीच्या शंकेनेच फाइल बाजूला ठेवतात.