आइसलँडची पुस्तकं गावच्या ग्रंथालयात पोचवायची तर

कॅनडातल्या विनिपेगच्या उत्तरेला, सरोवराकाठी गिमली नावाचं गाव आहे. १८७५ साली आइसलँडहून आलेली कुटुंबं या काठावर उतरली. पुढच्याच वर्षी देवीच्या साथीनं कितीतरी माणसं नेली, तरी १८७७मध्ये या लोकांनी स्वतःचं छापील वृत्तपत्र काढलं. आज त्यांची बहुतेक पतवंडं इंग्रजीच वाचतात. पूर्वजांचं साहित्य त्यांच्यापर्यंत पोचेल ते अनुवादातूनच, म्हणून ते सार्वजनिक ग्रंथालयात असायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी पैसे कसे उभे करायचे ते सांगते.

सुरुवात ग्रंथपालापासून करा. मी पहिल्यांदा घरोघरून जुनी पुस्तकं जमवली आणि न विचारता दोन खोकी नेऊन दिली. ती जुन्या पुस्तकांच्या विक्रीत गेली, कपाटात एकही लागलं नाही. ग्रंथालयाला हवी असतात नवी, टिकाऊ बांधणीची आणि त्यांच्याकडे नसलेली पुस्तकं. म्हणून त्यांची ऑनलाइन सूची आधी तपासा, मग दहा-बारा नावांची यादी घेऊन भेटा.

या यादीवर भरपूर वेळ घाला. मध्ययुगीन सागांचा, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्य कथांचा, एखादा निवडक खंड असावा. १९५५चे नोबेल विजेते हालदोर लाक्सनेस यांची ‘इंडिपेंडंट पीपल’ तर हवीच. तिचा इंग्रजी अनुवाद कित्येक वर्षं बाजारात नव्हता, १९९७मध्ये पुन्हा आला. अनुवादांचं असंच होतं, त्यामुळे प्रत्येक पुस्तक आज विकत मिळतं का याची खात्री करा. एक-दोन रहस्यकथाही ठेवा. अर्नाल्डुर इंद्रिदासोन यांच्या ‘सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह’ला २००५मध्ये ब्रिटनचा गोल्ड डॅगर हा रहस्यकथांचा पुरस्कार मिळाला आहे, आणि अशी पुस्तकं लोक लगेच उचलतात.

मग हिशेब. छापील किमतीबरोबर प्लॅस्टिकचं वेष्टण, बारकोड, नोंदणी यांचा खर्च धरा. तो किती, हे ग्रंथपालच सांगतील.

ज्यानं गणपतीची वर्गणी काढली आहे त्याला पुढचं अवघड नाही. “काहीतरी द्या” म्हटलं की लोक उद्या बघू म्हणतात. “या पुस्तकाचे तीस डॉलर, तुमच्या आजीच्या नावानं देता का?” असं विचारलं की पाकीट निघतं. विनारतर्ता हा आइसलँडिक लोकांचा थरांचा केक विकायला ठेवा: वेलदोडा घातलेल्या सुक्या आलुबुखाऱ्याचं सारण आणि बिस्किटासारखे पातळ थर, बहुतेक घरांत सात. घरोघरी थरांच्या संख्येवरून वाद आहेत, त्यामुळे टेबलाशी माणसं आपसूक थांबतात. दोन हंगाम साधा: ऑगस्टच्या सुरुवातीचा आइसलँडिक महोत्सव आणि नाताळ. आइसलँडमध्ये नाताळाला पुस्तकं भेट द्यायची प्रथा आहे, हे सांगितलं की मागणं सोपं होतं.

पैसे स्वतःच्या खात्यात ठेवू नका. देणगीदारांना थेट ग्रंथालयाच्या नावे चेक द्यायला सांगा आणि करसवलतीची पावती मिळेल का ते आधीच विचारा. सोबत यादी लेखी द्या.

शेवटी पुस्तकाच्या आतल्या पानावर लावायची चिठ्ठी. देणगीदाराचं आणि अनुवादकाचं, दोन्ही नावं त्यावर घ्या. आइसलँडमध्ये माणसं पहिल्या नावानं ओळखली जातात, इथली ग्रंथालयं पुस्तकं शेवटच्या नावानं लावतात. म्हणून लेखकाचं नाव पूर्ण लिहा, ‘ð’सारखी आइसलँडिक अक्षरं आहेत तशीच ठेवा. छापण्याआधी ती चिठ्ठी गावातल्या एखाद्या आइसलँडिक आजींना दाखवा. आमच्या आजींनी चष्मा लावून एकेक अक्षर बोटानं तपासलं आणि तीन ठिकाणी खूण केली.