शब्दावर चाललेला कारखाना कागदावर आणताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतला एखादा ओतकामाचा कारखाना (फाउंड्री) चाळीस माणसांचा असतो तोवर त्याचा मनुष्यबळ विभाग मालकांच्या डोक्यातच असतो. कोणाला किती उचल दिली, कोणाचा पगार दिवाळीनंतर वाढवायचा ठरला, कोणाच्या भावाला कामावर घ्यायचे कबूल केले, हे सारे शब्दावर चालते आणि बहुतेक वेळा तो शब्द पाळलाही जातो. दुसरी पाळी सुरू होऊन माणसे शंभरावर गेली की मालक प्रत्येकाला नावाने ओळखेनासे होतात. अशा वेळी मनुष्यबळाचे काम हाती घेणाऱ्याने दिलेला शब्द मोडू न देता तो कागदावर आणावा. बाकीची कामे त्यानंतरची.

म्हणून पहिले दोन आठवडे एकही नवा नियम लावू नये. मोल्डिंग (साचे बनवणे), कोअर शॉप (साच्यातला गाभा बनवणे), फेटलिंग (ओतलेल्या भागांची घासाई) आणि मशीन शॉप या प्रत्येक विभागाच्या सुपरवायझरजवळ बसून, हजेरीपत्रक समोर ठेवून, कोणाला काय कबूल केले आहे ते नावानिशी उतरवून घ्यावे, आणि ती यादी मालकांना वाचून दाखवून तिच्यावर त्यांची सही घ्यावी. काही गोष्टी त्यांनाही आठवणार नाहीत. तिथे, वर्षानुवर्षे भट्टीवर उभा असलेला कामगार जे सांगतो ते खरे धरूनच चौकशी सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर कागदपत्रे, आणि या कामात घाई मुळीच करू नये. फेटलिंगमधले एक काका माझ्या टेबलासमोर पासबुक धरून उभे होते, तो प्रसंग मी विसरलेलो नाही. "साहेब, पोरीचं लगीन वैशाखात हाय, आणि फंड काय निघंना झालाय," असे ते म्हणाले. आधार कार्डावर त्यांचे नाव वडिलांच्या नावासह पूर्ण होते, भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे फंडाच्या, नोंदीत मधले नाव गाळलेले होते, आणि जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळत नव्हती. चूक त्यांची नव्हती; भरतीच्या दिवशी फॉर्म भरणाऱ्याने ऐकून लिहिले होते. तेव्हापासून रुजू होण्याच्या दिवशीच आधार, बँक पासबुक आणि दाखला शेजारी ठेवून नावाचे प्रत्येक अक्षर आणि जन्मतारीख मी स्वतः ताडून पाहतो, जुना फंड क्रमांक आहे का ते विचारतो, आणि वारसाची नोंद त्याच दिवशी करून घेतो. जुन्या कामगारांच्या नोंदीही अशाच तपासाव्यात. दिवसाला पाच जण बोलावले तर शंभर माणसांचे काम महिन्याभरात उरकते.

वाढत्या कारखान्यात कायद्याचे उंबरठे नकळत ओलांडले जातात. दहा माणसांपासून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि महिलांच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती, वीस माणसांपासून भविष्य निर्वाह निधी आणि बोनस लागू होतो, आणि तीस माणसांपासून शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक ठरते. ही शेवटची अट ओझे समजू नये, कारण आयटीआयमधून आलेला मुलगा वर्षभर आपल्याच मशीनवर शिकला की भरतीचा निम्मा प्रश्न सुटतो.

पगाराच्या स्लिपवरून सर्वांत जास्त गैरसमज होतात. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो, आणि त्याचे तास स्लिपवर वेगळ्या ओळीत दिसले पाहिजेत. ईएसआयची पगारमर्यादा दरमहा 21,000 रुपये आहे. परंतु जुलैत पगारवाढ होऊन एखादा कामगार तिच्या वर गेला, तरी त्याची 0.75 टक्क्यांची कपात सप्टेंबरअखेरपर्यंत चालूच राहते, कारण एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालावधी आहेत. हे वाढीचे पत्र हातात देतानाच सांगावे. नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

ठेकेदाराच्या माणसांचा फंड आणि ईएसआय भरला नाही तर जबाबदारी शेवटी कारखान्यावर येते, म्हणून मागील महिन्याची चलने नावांच्या यादीसह पाहिल्याशिवाय त्याचे बिल पुढे पाठवू नये.

कोल्हापुरात आणखी एक तयारी जूनच्या आतच करावी लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, आणि करवीर, पन्हाळा, हातकणंगले तालुक्यांतून येणारी माणसे घरीच अडकली होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी 39 फुटांवर पोहोचले की कोणत्या गावच्या कामगारांना पाळी संपण्याआधी सोडायचे, भट्टीजवळ कोण थांबणार, त्यांच्या जेवणाची व झोपण्याची सोय कुठे, आणि न येऊ शकलेल्यांचे दिवस कोणत्या खात्यात धरायचे, हे मालकांच्या सहीने मराठीत लिहून गेटवरच्या फलकावर लावावे. गावनिहाय कामगारांची यादी आणि घरच्यांचे फोन क्रमांक सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये छापील स्वरूपात ठेवावेत, कारण पुराच्या दिवसांत वीज आणि संगणक यांचा भरवसा नसतो.