किट कारच्या सस्पेन्शनला स्टेनलेस बोल्ट? या चुका टाळा

लोटस सेव्हन ही सुट्या भागांच्या किटमधून जोडता येणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९५७ साली आली. तशा गाड्या घरच्या गॅरेजमध्ये जोडण्याची हौस ब्रिटनमध्ये अजून टिकून आहे. हिवाळ्यात तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, बोल्ट गंजतात, आणि वैतागून लोक सरसकट स्टेनलेस घालून मोकळे होतात. मडगार्ड, बॉडी पॅनेल, नंबरप्लेटला खुशाल घाला. विशबोनला (चाक चॅसिसला जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या फाट्याला) हात लावण्यापूर्वी मात्र बोल्टच्या डोक्यावरचा ताकदीचा आकडा वाचा. आकडाच नसेल तर तो बोल्ट सस्पेन्शनला नकोच.

बाजारात सर्रास मिळणारा स्टेनलेस बोल्ट म्हणजे ए२-७० ग्रेडचा. तो ४५० मेगापास्कलच्या आसपास कायमचा लांबायला लागतो, ८.८ ग्रेडच्या पोलादी बोल्टची हीच मर्यादा ६४०. एम१२ (१२ मिमी) मापात हिशेब केला तर ८.८ सुमारे ५४ किलोन्यूटनपर्यंत टिकतो, ए२-७० मात्र ३८ लाच हार मानतो. मॅन्युअलमधला ८.८ चा टॉर्क (आवळण्याचा पिळाचा जोर) स्टेनलेसला लावणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

कारण विशबोनच्या बुशची (सांध्यातल्या रबरी गादीची) आतली स्टीलची नळी ब्रॅकेटच्या दोन पात्यांमध्ये घट्ट आवळलेली राहायला हवी. बोल्टचं खरं काम ते आवळणं. बोल्ट लांबून पकड सुटली की नळी सरकते, ब्रॅकेटचं भोक लांबट होतं आणि ब्रेक दाबताना ‘टक्’ असा आवाज येतो. असा आवाज आला तर बोल्ट काढून भोकाभोवती पाहा: घासून चकाकणारं कडं दिसलं तर जोड सरकतोय हे नक्की. लांबट झालेल्या भोकात नुसता नवा बोल्ट घालून भागत नाही, ब्रॅकेट दुरुस्त करावा लागतो.

स्टेनलेसचे आटे एकमेकांना चिकटतात, हे दुसरं दुखणं. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा) वेगाने फिरवला की हमखास जाम होतो आणि शेवटी कापावा लागतो. आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा, नट हाताने सावकाश फिरवा. पण वंगणामुळे त्याच टॉर्कला ताण वाढतो, म्हणून टॉर्क कमी करावा लागतो. हे बरेचजण विसरतात.

ए४-८० हा वरच्या ग्रेडचा स्टेनलेस ताकदीला ८.८ च्या जवळ जातो, तरी किट बनवणाऱ्याची संमती असल्याशिवाय वापरू नका. माझी पसंती झिंक-फ्लेक (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांच्या) लेपाच्या ८.८ किंवा १०.९ पोलादी बोल्टला, वरून गंजरोधक मेणाचा हात. पूर्ण आट्यांचा बोल्टही टाळा. पात्यांमधून आरपार गुळगुळीत दांडाच जायला हवा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा. मग नट आणि ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. नट फिरला की ती तुटलेली दिसते.