रोगलाइक गेममध्ये नकाशा आणि जीव यांचे क्लास कसे लिहावेत

पायथन येतं आणि टर्मिनलवर खेळाडूचं '@' हलवून झालाय, असं धरून चालतो. रोगलाइक म्हणजे १९८० च्या 'रोग' (Rogue) या अक्षरांनी काढलेल्या गेमच्या धर्तीवरचे गेम. त्या मूळ 'रोग'चा पडदा ८० रकाने आणि २४ ओळींचा होता. पहिल्या गेमला तेवढाच घ्या.

माझा गेम पन्हाळ्यावर घडतो. कोल्हापुरातून गड वीसेक किलोमीटरवर, त्यामुळे अडलो की गाडी काढायची आणि प्रत्यक्ष बघून यायचं.

आधी नकाशाचा क्लास. रुंदी, उंची आणि घरांची जाळी. प्रत्येक घराला दोन गुण द्या: इथून जाता येतं का, आणि इथून आरपार दिसतं का. दोन्ही एकाच खुणेत कोंबू नका. तटातल्या जंगीतून, म्हणजे मारा करायच्या भोकातून, बाहेरचं दिसतं, पण जाता येत नाही. पावसाळ्यात गडावर धुकं उतरतं तेव्हा चालता येतं, पण समोरचं दिसत नाही. 'आधी पाहिलंय' ही नोंद मात्र प्रत्येक घराची वेगळी ठेवा. 'भिंत' हा एकच ऑब्जेक्ट सगळ्या घरांत वापरून ही नोंद त्याच्यातच टाकली, तर एक भिंत दिसताच गडावरच्या सगळ्या भिंती उघड्या पडतात.

आता खरी अडचण: पहारेकरी कुठे ठेवायचा?

बरेच धडे सांगतात, नकाशाच्या घरातच त्याचं अक्षर लिहा. हा सल्ला ऐकू नका. मी ऐकला होता. पन्हाळ्याच्या 'तीन दरवाजा' या दारात माझा पहारेकरी उभा राहिला, म्हणजे दाराच्या '+' वर 'प' लिहिला गेला. तो पुढं सरकला तेव्हा मागं '.' उरलं आणि दारच गेलं. मग मी घरातही ठेवला आणि वेगळ्या यादीतही. तो मेल्यावर यादीतून काढला, घर पुसायचं राहिलं. दारात कोणी नाही, तरी खेळाडू आत जाईना. दोन रात्री मी दाराचाच कोड तपासत बसलो. चूक तिथं नव्हतीच.

म्हणून नियम एकच: नकाशात फक्त दगड-माती, आणि जीव कुठे आहे हे फक्त जीवालाच माहीत. नकाशाकडे जीवांची यादी असू द्या, पण घरांत त्यांचा मागमूस नको. 'इथं जाता येईल का?' हे विचारणारं एकच फंक्शन लिहा. ते आधी घर बघेल, मग यादीत त्या जागी वाट अडवणारा कोणी आहे का ते बघेल. पन्नास जीवांची यादी दर चालीला चाळली तरी गेमला काही जाणवत नाही. पुढे हजारो झाले आणि जागेवरून जीव शोधायची डिक्शनरी लागलीच, तर ती बदलायचा हक्क फक्त 'हलव', 'आण' आणि 'काढ' या तीन फंक्शनांना. कुठूनही थेट x, y बदलाल तर पुन्हा भुतं दिसतील.

आणखी एक: यादीवर लूप चालू असताना त्यातूनच मेलेला काढू नका. त्याच्या पुढच्याची पाळी हुकते. फेरी संपल्यावर काढा.

जीवाच्या क्लासची वंशावळ वाढवू नका. 'राक्षस', त्यातून 'उडणारा राक्षस', त्यातून 'उडणारा विषारी राक्षस' असं करत गेलात की पुढचा प्राणी कुठंच बसत नाही. एकच क्लास ठेवा: जागा, अक्षर, नाव, वाट अडवतो का. लढणं, डोकं (पुढची चाल ठरवणारा कोड), पिशवी हे सुटे भाग. हवे त्याला जोडायचे. पहारेकरी मेला की लढणं आणि डोकं काढा, अक्षर '%' करा, वाट मोकळी करा. झालं प्रेत. पिशवी तशीच राहते, त्यामुळे किल्लीही मिळते.

पडद्यावर काढताना आधी प्रेतं, मग वस्तू, शेवटी जिवंत.

गडावरची अंधारबाव ही विहीर तीन मजली आहे, तर तीन नकाशे करा, प्रत्येकाची जीवांची यादी वेगळी. जिना उतरला की खेळाडू एका यादीतून काढून दुसरीत टाकायचा, तोही 'काढ' आणि 'आण' वापरूनच.