पाळीव उंदरांची खाज: डॉक्टरकडे जायच्या दोन दिवस आधीपासून काय करायचं

सगळ्यात आधी फ्रीझरमधला एक कप्पा रिकामा करा. हो, फ्रीझर. आमच्याकडे चकली, कडबोळी आणि शेव अशा तीन उंदीरबायका आहेत (शेजारच्या काकू त्यांना घुशी म्हणतात आणि गणपतीत नमस्कारही करतात), आणि गेल्या वर्षी तिघींना खाज सुटली तेव्हा मी डॉक्टर, औषध, दुसरा डोस, पिंजरा धुणं सगळं शहाण्यासारखं केलं आणि शेवटी स्वच्छ पिंजऱ्यात भुसा घातला तो बाल्कनीत डक्टशेजारी महिनाभर तोंड उघडी पडलेल्या त्याच जुन्या पिशवीतला. वीस दिवसांत परत खाजवाखाजवी सुरू. तोच खर्च, तेच रिक्षाचे हेलपाटे, आणि आईचं "मी म्हटलं नव्हतं?" ते वेगळं.

तर शनिवारी डॉक्टरकडे जायचं असेल तर गुरुवारीच भुसा फ्रीझरमध्ये जायला हवा. जुनी पिशवी फेकून द्या, काटकसर करू नका, नवीन आणा, आणि नवीन आणलेलाही फ्रीझरमध्ये घाला, कारण माइट्स, म्हणजे ही खाज आणणारे बारीक किडे, दुकानातल्या भुशातूनसुद्धा येऊ शकतात. अख्खी पिशवी तशीच कोंबू नका, मधला भाग गारच होत नाही, एक-एक किलोची चपटी पाकिटं करा, तोंड घट्ट बांधा, निदान ४८ तास. बाहेर काढल्यावर पाकीट लगेच उघडायचं नाही, घरातल्या हवेइतकं कोमट होऊ द्या, नाहीतर आत पाणी सुटतं आणि ओला भुसा म्हणजे वेगळीच कटकट. सुताराकडचा फुकटचा भुसा नको, त्यात प्लायचा डिंक आणि पॉलिश काय काय असतं देव जाणे. पाइन आणि देवदार पण नको, ज्या भुशाला छान वास येतो त्या वासानेच यांची कातडी आणि नाक चुरचुरतं. कधी कधी खाजेचं कारण तेवढंच असतं.

पिंजऱ्यातल्या झोळ्या आणि फडकी गरम पाण्यात धुवा. लाकडी घर असेल तर तेही फ्रीझरमध्ये, मावत नसेल तर टाकून द्या. मी ठेवलं होतं, "एवढं महागाचं आहे" म्हणून. असो.

शुक्रवारी वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्टीलचा डबा ठेवून तो शून्य करायचा, उंदीर आत, वर झाकणी अर्धवट, आणि आकडा स्थिर झाला की झटकन लिहून घ्यायचा. आमची कडबोळी ३४० ग्रॅम, शेव जेमतेम २६०, म्हणजे एकीचा डोस दुसरीला चालणारच नाही. औषध ग्रॅमच्या हिशोबाने असतं, कुत्र्या-मांजराची ट्यूब आणून "थोडंसं" लावण्याचा शहाणपणा करू नका, यात उंदीर मरतात. कापूर-खोबरेल, टी ट्री ऑइल, कुत्र्याची गोचिडाची पावडर यातलं काहीही नाही. अंगाला लावलेलं सगळं ते चाटतात आणि उंदराला उलटी होत नाही, पोटात गेलं ते गेलं.

त्याच संध्याकाळी मागच्या पायांची नखं. जखमा माइट्स करत नाहीत, नखं करतात, म्हणून तर खपल्या मानेवर, खांद्यावर, हनुवटीखाली असतात, मागचा पाय जिथे पोचतो तिथे. एकाने टॉवेलात धरायचं, दुसऱ्याने फक्त टोक उडवायचं, आतली गुलाबी शीर सोडून. जमत नसेल तर डॉक्टर करून देतात. खपल्या ओढून काढू नका, कोमट सलाइनचा कापूस हलकेच टेकवा, बस. शेंगदाणे बंद करा असं सगळेच सांगतात, करा, पण त्याने माइट मरत नाहीत. नर उंदराच्या पाठीवर केशरी कोंडा दिसला तर घाबरू नका, तो त्यांचा नेहमीचा तेलकटपणा. नाकाडोळ्यांशी लाल दिसलं तर तेही बहुतेक वेळा रक्त नसतं, ताण आला किंवा तब्येत बिघडली की तसा स्राव येतो, पण डॉक्टरांना सांगा.

फोन आधी करा. पुण्यात गल्लोगल्ली कुत्र्या-मांजराचे डॉक्टर आहेत, पण उंदीर म्हटल्यावर पलीकडे दोन सेकंद शांतता होते, त्यामुळे बघतात का हे विचारूनच निघा. तिघी असतील तर तिघींना न्या, एकच खाजवत असली तरी. घरात कुणाच्या अंगावर चावे दिसत असतील तर तेही बोला, कारण माइट्सची एक जात अशी असते की रक्त पिऊन फटीत लपते आणि माणसालाही चावते. केसांना चिकटलेल्या लिखा दिसल्या तर उवाही असू शकतात. गोल चट्टा पडून केस गेले असतील तर गजकर्ण असू शकतं, ते तुम्हालाही होतं, हात धुवा.

एप्रिल-मे असेल तर सकाळची पहिली वेळ घ्या. मी दुपारी दीडला कर्वेनगरहून कॅम्पात नेलं होतं, शेव डब्यात पसरून पडली होती, शेपूट हाताला तापलेली लागत होती. काकडीची फोड टाका आत, आणि खाली पांढरा टिशू, म्हणजे रक्ताचा ठिपका किंवा गळलेली खपली लगेच दिसते.

शनिवारी औषध मानेच्या मागे, कोरड्या कातडीवर, तेल-पाणी काही न लावता. वाळेपर्यंत तिघी वेगळ्या, नाहीतर एकमेकींना चाटतात. तोवर घरी कुणीतरी पिंजरा गरम पाणी-साबणाने घासून, फटी आणि कोपरे धरून, वाळवून ठेवायचा. आणि मग भुसा. कुठला भुसा? फ्रीझरमधला. बाल्कनीतला नाही, "खाली थोडासा पडलाय तो संपवून टाकू" वाला तर अजिबात नाही.

दुसरा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुतेक दोन आठवड्यांनी, कारण औषधाने अंडी मरत नाहीत. कालनिर्णयवर गोल करा. त्या दिवशी परत पिंजरा, परत झोळ्या, परत फ्रीझरचा भुसा, म्हणजे दोन दिवस आधी परत पाकिटं. नखं परत. आठवडाभरात खाज कमी वाटली नाही तर फोन करा, वाट बघत बसू नका.

पाकिटांवर मार्करने मोठ्या अक्षरात "भुसा" लिहा. आत्ता दोन आहेत आमच्या फ्रीझरमध्ये, मटारांच्या खाली, आणि काल आईने त्यातलं एक थालीपिठाची भाजणी समजून ओट्यावर काढून ठेवलं होतं.