बाळाची लघवी बाटलीत धरायची तर

आमच्या चिरंजीवांची उजवी किडनी सुजलेली आहे, हे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतच दिसलं होतं. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी झाली (पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते, सूज लपून राहते), मग एमसीयू. नळीने मूत्राशयात औषध सोडतात आणि बाळ शू करत असताना एक्स-रे काढतात. निघालं रिफ्लक्स, ग्रेड ३. लघवी उलटी किडनीकडे चढते. वाढत्या वयात पुष्कळ मुलांचं हे आपोआप जातं. तोवर लघवीचं इन्फेक्शन वेळेत पकडायचं.

म्हणून सर्दी-खोकला नसताना ताप आला की 'दात येतायत' म्हणत बसायचं नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल किंवा मूल मलूल पडलं असेल, तर घरी खटपट नकोच, थेट दवाखाना. एरवी अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आत तपासणीसाठी लघवी बाटलीत धरायची.

चिकटवायची पिशवी मी एकदाच वापरली. कल्चरमध्ये (लॅबमध्ये लघवीतले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) तीन तऱ्हेचे जंतू उगवले, सगळे कातडीवरचे नि शीचे. शेवटी नळी घालून पुन्हा नमुना घ्यावा लागला, पोर कळवळलं.

आता असं करतो. कल्चरच्या दोन निर्जंतुक बाटल्या घरात आणूनच ठेवल्यात. आधी पोटभर दूध. मग शूची जागा नुसत्या पाण्याने धुवायची. तेल, पावडर काही नाही. सासूबाई त्याच्या काखांत हात घालून त्याला उचलून धरतात, पाय लोंबते ठेवतात. मी गार पाण्यात बुडवलेलं फडकं ओटीपोटावर गोल-गोल फिरवते. नाशिकच्या जानेवारीत नळाचं पाणी पुरतं, मे महिन्यात फ्रिजमधलं. कधी दोन मिनिटांत होतं, कधी अर्धा तास जातो. पहिली धार सोडून द्यायची, पुढची बाटलीत; आत बोट लागू द्यायचं नाही. मुलगा असेल तर धार लांब जाते की नुसती टिपकते, तेही तेव्हाच बघून घ्या. टिपकत असेल तर मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

बाटलीवर नाव आणि वेळ लिहून तासाभरात लॅब गाठायची. आम्ही नाशिकरोडला, लॅब कॉलेज रोडला, मध्ये द्वारका चौकातली वाहतूककोंडी! म्हणून बाटली बर्फाच्या डब्यात. ह्यांचा जुना टिफिन आता त्याच कामाचा, ह्यांनी नवा घेतलाय.