टँगोच्या अवघड स्टेप्स शिकायला परदेशी चाललात? या चुका टाळा

ब्यूनोस आयर्सहून दोन आठवड्यांचा इंटेन्सिव्ह कोर्स करून आले तेव्हापासून नागपुरातल्या आमच्या ग्रुपमधल्या सगळ्याजणी एकच विचारून राहिल्या, बोलेओ कसा घ्यायचा, गांचोत (पार्टनरच्या पायात आपला पाय आकड्यासारखा घालतात त्या स्टेपमध्ये) पाय का अडकतो, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाय आपण होऊन फेकणं. मी पहिले चार दिवस हेच केलं. बोलेओत लीडर, म्हणजे नाच पुढे नेणारा पार्टनर, तुम्हाला एका दिशेने वळवतो आणि मधेच दिशा उलटवतो, मोकळा पाय मागे राहिलेला असतो म्हणून तो फिरतो, जसं झटकन वळलं की ओढणीचं टोक नंतर येतं तसं. तुम्ही स्वतः पाय उचलला की पार्टनरला तुमचं वजन कळत नाही, तोल जातो, आणि तुम्हाला वाटतं अजून उंच उचलायला हवा होता. नाही हो! मांडीचा सांधा सैल सोडा, गुडघे जवळ ठेवा, पाय आधी जमिनीलगतच फिरू द्या.

तरीही जमत नसेल तर दोष बहुतेक ओचोत, म्हणजे जमिनीवर आठचा आकडा काढत वळायच्या स्टेपमध्ये, असतो. छाती आधी वळते, कंबर मागून येते, याला तिथे डिसोसिआसिओन म्हणतात. भिंतीला तळहात टेकवून एका पायावर उभं राहा आणि हेच करून बघा, अंगठ्याच्या मुळाशी वजन टिकत नसेल तर बोलेओ पुढच्या आठवड्यावर ढकला, खरंच.

गांचोत लीडरने गुडघा वाकवून जागा करून दिल्याशिवाय पाय अडकवायचा नाही. व्होल्काडात फॉलोअर पुढे झुकते, कोल्गाडात दोघं बाहेर झुकतात, आणि दोन्हीत कंबरेत मोडलं की संपलं. व्होल्काडानंतर पाठ दुखत असेल तर तुम्ही पार्टनरच्या मानेला लटकून राहिल्या आहात, पोट घट्ट धरा, अंग एका रेषेत ठेवा.

शूज! आपल्याकडे फरशीवर रबरी सोल चालून जातो, पण तो फ्लोअरला धरून बसतो, वर अंग वळतं, खाली पाय नाही, आणि पीळ सगळा गुडघ्याला. लेदर नाहीतर स्वेडचा सोल घ्या.

आणखी एक, जून-जुलैत तिथे हिवाळा असतो आणि नागपूरहून निघताना आपल्या डोक्यात अजून उन्हाळाच असतो, त्यात वेळेचा फरक साडेआठ तासांचा. मिलोंगा, म्हणजे टँगो नाचायच्या पार्ट्या, मध्यरात्र उलटून गेली तरी चालू असतात. म्हणून पहिल्याच दिवसापासून चार-चार क्लास लावू नका, झोप नसली की तोल सगळ्यात आधी जातो.

मिलोंगात मात्र नवीन शिकलेलं दाखवायचा मोह आवराच. सगळे घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरत असतात, गर्दी असते, तुमची उंच गेलेली टाच मागच्या बाईच्या पिंडरीला लागते. तिथे नुसतं चाला, जुन्या टँगो संगीतकार डि सार्लीची तांदा, म्हणजे सलग वाजणाऱ्या गाण्यांचा संच, लागली तर फारच सुंदर, तीन-चार गाणी एकाच माणसाच्या मिठीत शांतपणे चालण्यात जे कळतं ते क्लासमध्ये मला कळलं नव्हतं.

परत आल्यावर पंधरा दिवस नवीन काही घेऊ नका. क्लासच्या शेवटी टीचरच्या परवानगीने काढलेले व्हिडिओ बघा, रोज वीस मिनिटं चालणं आणि ओचो, आणि पार्टनर भेटला की एकच बोलेओ, तोही खालचा.